घटक ६ : स्मृती अपुरी पडते तेव्हा – तांत्रिक प्रक्रियेचे मराठीतील विवेचन

६.० उद्दिष्टे

या घटकाचा अभ्यास केल्यानंतर आपणास संगणकातील एका गुंतागुंतीच्या प्रक्रियेचे स्वतःच्या मराठीत विवेचन करता येईल. पारिभाषिक शब्द आणि दृष्टान्त निवडताना कोठे सावध राहावे हे उमगेल. तसेच तांत्रिक बिघाडाचे वर्णन करताना क्रियापदाच्या निवडीमुळे कर्ता कसा उघड होतो किंवा झाकला जातो, हे उदाहरणांनी दाखवता येईल.

६.१ प्रास्ताविक

मागील घटकात आपण परिभाषेची घडण पाहिली. या घटकात ती परिभाषा कामाला लावायची आहे. त्यासाठी निवडलेला प्रश्न मराठीच्या अभ्यासक्रमात अनपेक्षित वाटेल : संगणकाची स्मृती संपत आली की त्याच्या कार्यप्रणालीचा गाभा काय करतो? या निवडीमागे एक प्रसंग आहे. तो आधी सांगतो.

काही वर्षांपूर्वी औंढा नागनाथ येथे एका संपर्कसत्रासाठी गेलो होतो. परीक्षा अर्ज भरण्याचा तो शेवटचा दिवस होता. जवळच्या खेड्यातून बसने आलेल्या, पस्तिशीच्या एक विद्यार्थिनी व्हरांड्यात बसून मोबाइलवर अर्ज भरत होत्या. तीन पृष्ठे भरून झाली होती. चौथ्या पृष्ठावर गुणपत्रिकेचे छायाचित्र जोडायचे होते. त्यांनी कॅमेरा उघडला, छायाचित्र काढले आणि परत अर्जाकडे आल्या, तर समोर पहिले पृष्ठ, तेही कोरे. पुन्हा सारे भरले, पुन्हा कॅमेरा, पुन्हा कोरे पृष्ठ. त्या कार्यालयात गेल्या आणि म्हणाल्या, “सर, मी काहीच नाही केलं. फोटो काढून माघारी आले, तं फॉर्म गेलेला.” समोरच्या गृहस्थांनी मान वर न करता उत्तर दिले, “तुमच्याकडूनच काहीतरी दाबलं गेलं असेल.” दुसऱ्या दिवशी विलंब शुल्क भरून तो अर्ज एका संगणकावरून दाखल झाला.

‘फॉर्म गेला’ आणि ‘तुमच्याकडून दाबलं गेलं’ या दोन वाक्यांत शुल्क कोणी भरायचे याचा निकाल लागलेला होता. पहिल्या वाक्यात कोणीच जबाबदार नाही. दुसऱ्यात जबाबदार आहे ती फोन हातात धरणारी व्यक्ती. फोनच्या आत प्रत्यक्षात जे घडले ते सांगणारे तिसरे वाक्य त्या कार्यालयात कोणापाशीच नव्हते. माझ्यापाशीही नव्हते. ते वाक्य तयार करणे हे या घटकाचे काम आहे.

६.२ गाभा, स्मृती आणि साठवण

संगणकावर किंवा फोनवर आपण जी उपयोजने वापरतो ती यंत्राला थेट हात लावत नाहीत. यंत्र आणि उपयोजने यांच्यामध्ये कार्यप्रणाली असते आणि तिच्या सर्वांत आतल्या भागाला इंग्रजीत ‘कर्नेल’ म्हणतात. कर्नेल म्हणजे कवचाच्या आतले बी, गर. मराठीत त्यासाठी ‘गाभा’ हा शब्द रुळू लागला आहे आणि मला तो मूळ शब्दाहून अधिक समर्पक वाटतो. ‘गर्भ’पासून गाभा आणि ‘गर्भागार’पासून गाभारा, अशी ही भावंडे आहेत. औंढ्याच्या मंदिरात गेलेल्यांना ठाऊक आहे की तेथील गाभारा जमिनीच्या पातळीखाली आहे. अरुंद पायऱ्या उतरून, एका वेळी मोजक्याच भाविकांना आत जाता येते. संगणकाच्या गाभ्यात उपयोजनांना तेवढीही मुभा नसते. त्यांनी उंबऱ्याबाहेरून मागणी नोंदवायची आणि गाभ्याने ती पुरवायची. लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये लिहावयास घेतलेला लिनक्स हा असाच एक गाभा होय. जगातील बहुतेक मोठे सेवा-संगणक त्यावर चालतात, सी-डॅकची ‘बॉस’ ही भारतीय कार्यप्रणाली त्यावर उभी आहे आणि अँड्रॉइड फोनच्या तळाशीही तोच आहे. व्हरांड्यातल्या त्या फोनमध्येही तोच होता.

दुसरा शब्द ‘स्मृती’. येथे थोडे थांबावे लागेल, कारण बोलीतील वापराने घोटाळा केलेला आहे. ‘मेमरी फुल झाली’ असे आपण म्हणतो तेव्हा फोटो आणि चित्रफिती ठेवण्याची जागा भरली, असा अर्थ असतो. आपला विषय त्या जागेचा नाही. फोनच्या खोक्यावर दोन आकडे असतात : समजा, ६४ जीबी आणि ३ जीबी. पहिला आकडा साठवणीचा, दुसरा कार्यस्मृतीचा. स्वयंपाकघरातील कोठी आणि ओटा यांत जो भेद आहे तोच येथे आहे. कोठीत पोतेभर धान्य मावते. पण निवडणे, चिरणे, मळणे ओट्यावरच करावे लागते आणि ओटा लहान असतो. कोठी रिकामी असूनही ओट्यावर जागा उरत नाही, हा अनुभव घरोघरी आहे. विद्यार्थिनीच्या फोनमध्ये साठवण भरपूर शिल्लक होती, म्हणून ‘मेमरी तर आहे’ असे सांगून तो मुद्दा तेथेच निकालात काढण्यात आला. एकाच शब्दाने दोन वस्तू दाखवल्या की असे होते. या घटकात आपण सर्वत्र ‘कार्यस्मृती’ आणि ‘साठवण’ हे वेगळे शब्द वापरू.

(वीज जाताच सारे काही विसरणाऱ्या वस्तूला ‘स्मृती’ म्हणावे, हा विनोद मात्र आपल्या परिभाषाकारांचा नाही, तो इंग्रजीतूनच आला आहे.)

६.३ हमी आणि वाटप

कार्यस्मृतीचे वाटप पानांच्या हिशेबाने होते. नेहमीच्या संगणकांत एक पान ४,०९६ बाइटचे असते. उपयोजनाने गाभ्याकडे, समजा, हजार पाने मागितली, तर गाभा ‘दिली’ असे उत्तर देतो. प्रत्यक्षात त्या क्षणी तो एकही पान देत नाही. उपयोजनाच्या खात्यावर हजार पानांची नोंद होते, एवढेच. पुढे ते उपयोजन त्यांपैकी ज्या पानावर पहिल्यांदा काही लिहू पाहते तेव्हा त्या पानामागे खरी जागा नाही हे यंत्राच्या लक्षात येते, काम क्षणभर थांबते, गाभा एक रिकामे पान शोधून, पुसून जोडून देतो आणि काम पुढे सुरू होते. उपयोजनाला यातले काही कळत नाही.

असे करण्याचे कारण अनुभवाचे आहे. उपयोजने गरजेपेक्षा जास्त मागतात. लग्नात पाचशे पत्रिका वाटल्या म्हणून कोणी पाचशे पाने एकदम मांडत नाही. पंगत बसेल तशी पाने मांडली जातात. शिवाय लिनक्समध्ये नवी प्रक्रिया निर्माण होते ती जुन्या प्रक्रियेची प्रतिकृती म्हणून. ती प्रतिकृती आरंभी जनक प्रक्रियेचीच पाने वाचत राहते आणि एखाद्या पानावर लिहायची वेळ आली तरच त्या पानाची वेगळी प्रत काढली जाते. प्रत्येक प्रतिकृतीसाठी पूर्ण जागा आधीच राखून ठेवायची म्हटले, तर बरीचशी कार्यस्मृती नुसती राखीव म्हणून पडून राहील. म्हणून गाभा जवळ आहे त्याहून अधिक देण्याची हमी घेतो.

या धोरणाला मराठीत काय म्हणावे? प्रथम मी ‘अतिवचन’ असा शब्द करून पाहिला. पण मराठीच्या विद्यार्थ्याला ‘वचन’ म्हटले की एकवचन-अनेकवचन आठवणार, आणि अतिवचन म्हणजे व्याकरणातला एखादा नवा प्रकार वाटणार. म्हणून ‘जादा हमी’. शब्द साधा आहे, व्यवहारातला आहे आणि त्यात धोक्याची सूचनाही आहे.

लिनक्समध्ये या धोरणाच्या तीन रीती आहेत. नेहमीच्या रीतीत, जिचा क्रमांक ० आहे, उघडपणे अवाजवी मागणी नाकारली जाते. बाकीच्या मान्य होतात. क्रमांक १ मध्ये कोणतीच मागणी हिशेब पाहून नाकारली जात नाही. क्रमांक २ मध्ये जादा हमी घेतलीच जात नाही : अदलाबदलीची जागा अधिक कार्यस्मृतीचा ठरावीक हिस्सा, जो वेगळा सांगितला नसेल तर ५० टक्के असतो, एवढ्यापुरत्याच हमी. ही तिसरी रीत प्रामाणिक आहे, पण महाग. बरीच जागा वापराविना राहते, आणि मागणी नाकारली गेल्यास पुढे काय करावे याचा विचार पुष्कळशा उपयोजनांच्या कर्त्यांनी केलेलाच नसतो.

मागणी आधी नोंदवून घ्यायची आणि तिच्याशी बांधून ठेवायचे, ही शिस्त जेथे पाळली जाते असे एक क्षेत्र औंढ्याशी जोडलेले आहे. याच तालुक्यात दुधाळा परिसरात लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभारण्याचे ठरले. केंद्रीय मंत्रिमंडळाने फेब्रुवारी २०१६ मध्ये तिला तत्त्वतः आणि एप्रिल २०२३ मध्ये सुमारे २,६०० कोटी रुपयांच्या खर्चासह मान्यता दिली. चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजा असलेल्या अशा वेधशाळेत मुख्य संकेताची नोंद सेकंदाला १६,३८४ वेळा होते. म्हणजे तासाभरात केवळ त्या एका संकेताचे सुमारे ५ कोटी ९० लाख आकडे. अमेरिकेतील लायगो वेधशाळांकडून येणाऱ्या नोंदींच्या विश्लेषणासाठी पुण्याच्या आयुका संस्थेत ‘सारथी’ नावाचा संगणक-समूह आहे. अशा सामायिक समूहांवर काम पाठवणाऱ्याने आपल्याला किती कार्यस्मृती लागेल हे आधी लिहून द्यायचे असते. लिहून दिलेली मर्यादा ओलांडणारे काम अडवून ठेवले जाते. दुसऱ्याच्या कामाला त्याची झळ लागत नाही. फोनवर असा करार करायला कोणी बसत नाही.

स्वयं-अध्ययन प्रश्न १ : ‘कार्यस्मृती’ आणि ‘साठवण’ यांतील भेद ओटा-कोठी हा दृष्टान्त न वापरता, आपल्या व्यवसायातील एखादे उदाहरण घेऊन पाच ओळींत लिहा.

६.४ पाणीपातळीच्या खुणा

सगळ्यांनी आपापल्या हमीचे पान मागायला एकाच वेळी रांग लावली, की गाभ्याला सत्य परिस्थितीला तोंड द्यावे लागते. पण तो एकदम टोकाला जात नाही. त्याआधी तो बरेच काही करतो आणि यातील मुख्य संज्ञा तर पाण्याचीच आहे. रिकाम्या पानांच्या संख्येवर गाभा तीन खुणा ठेवतो : वरची, खालची आणि किमान. इंग्रजीतही त्यांना पाणीपातळीच्या खुणा असेच म्हटले जाते.

पूर्णा नदीवरील सिद्धेश्वर धरणाचे उदाहरण औंढा परिसरातील विद्यार्थ्यांना जवळचे आहे. रिकाम्या पानांचा साठा खालच्या खुणेपर्यंत उतरला, की गाभ्याचा एक सेवक जागा होतो आणि साठा वरच्या खुणेपर्यंत चढेतो पाने मोकळी करत राहतो. हे काम पडद्यामागे चालते. कोणती पाने मोकळी करायची? ज्यांची प्रत साठवणीत जशीच्या तशी आहे ती पाने नुसती टाकून देता येतात, लागली तर पुन्हा आणता येतील. ज्यांत बदल झाला आहे ती आधी साठवणीत लिहून मग सोडावी लागतात. आणि ज्यांची प्रत कोठेच नाही, म्हणजे उपयोजनाने स्वतः निर्माण केलेला मजकूर, त्यांच्यासाठी साठवणीत अदलाबदलीची जागा राखलेली असेल तर तेथे नेऊन ठेवायची. सिद्धेश्वरच्या वरच्या अंगाला येलदरीचा जलाशय आहे, तेथून गरजेप्रमाणे पाणी खाली येते. अदलाबदलीच्या जागेचे काम काहीसे तसे आहे. मात्र तेथून पान परत यायला वेळ लागतो. पुष्कळ फोनांत या जागेऐवजी कार्यस्मृतीतच पाने दाबून, संकुचित करून ठेवण्याची युक्ती वापरतात.

कोणते पान आधी काढायचे, याचा सर्वसाधारण नियम असा की जे पुष्कळ वेळात कोणी पाहिले नाही ते आधी. जे बराच काळ लागले नाही ते पुढेही लागणार नाही, हा अंदाज आहे आणि तो बहुधा खरा ठरतो.

साठा याही खाली, किमान खुणेपर्यंत गेला तर पडदा दूर होतो. आता जो पान मागायला येईल त्यालाच आधी पाने मोकळी करण्याच्या कामाला जुंपले जाते. नळावर घागर घेऊन आलेल्याच्या हाती फावडे देऊन ‘आधी चर खण’ म्हणावे, तसे. संगणक ‘अडकतो’, पडद्यावरचा बाण हलत नाही, टंकलेले अक्षर उशिरा उमटते, ते बहुधा याच अवस्थेत. येथे एक दुष्टचक्रही संभवते : आत्ताच बाहेर ठेवलेले पान लगेच परत हवे, म्हणून दुसरे बाहेर, तेही लगेच परत हवे. यंत्र अविश्रांत राबते आणि काम एक पाऊलही पुढे सरकत नाही.

किमान खुणेखालचा साठा सर्वांसाठी नसतो. त्याचे वर्णन करताना ‘मृत साठा’ म्हणण्याचा मोह होईल, तो टाळा. धरणातला मृत साठा कालव्याच्या दाराखाली असल्यामुळे दार उघडूनही वाहत नाही. गाभ्याचा हा साठा वाहू शकतो, पण ठरावीक कामांसाठीच. मराठवाड्यात टंचाईच्या वर्षी पिण्यासाठी पाणी राखून ठेवतात, शेतीला सोडत नाहीत. हा दृष्टान्त योग्य. राखीव साठा ठेवण्याचे कारण तर फारच बोलके आहे : पाने मोकळी करण्याच्या कामालाही थोडी पाने लागतात. तेवढीही उरली नाहीत, तर सुटकेचा मार्गच बंद होतो.

६.५ निवड

इतके करूनही पान मिळाले नाही, तर गाभ्यापुढे दोन पर्याय राहतात. एक, संपूर्ण यंत्र थांबवायचे. काही ठिकाणचे व्यवस्थापक तसे मुद्दाम ठरवून ठेवतात, कारण अर्धवट चाललेल्या यंत्रापेक्षा थांबलेले यंत्र त्यांना परवडते. दुसरा पर्याय, चालू प्रक्रियांपैकी एक निवडून ती संपवायची आणि तिची पाने मोकळी करायची. लिनक्स नेहमी हा दुसरा मार्ग घेतो.

हे काम करणाऱ्या लिनक्समधील मूळ आज्ञावलीवर रिक व्हॅन रील यांचे नाव आणि १९९८ व २००० ही वर्षे आहेत. आरंभीच्या काळात निवडीचे निकष पुष्कळ होते : किती जागा व्यापली, किती वेळ चालली, व्यवस्थापकाची आहे काय, तिची अपत्ये किती. दीर्घकाळ चाललेल्या प्रक्रियेला थोडी सवलत मिळे. म्हणजे ज्येष्ठतेचा मान राखला जाई. हे निकष समजुतदार वाटतात, पण त्यांच्या बेरजेतून कोणाचे नाव निघेल याचा आधी अंदाज बांधता येत नसे. २०१० मध्ये डेव्हिड रिएंटजेस यांनी ही आज्ञावली नव्याने लिहिली आणि हिशेब सरळ झाला. प्रक्रियेने व्यापलेली एकूण पाने, त्यांत प्रत्यक्ष कार्यस्मृतीतील आणि अदलाबदलीत ठेवलेली दोन्ही, हे तिचे गुण. त्यांत व्यवस्थापकाने दिलेली अधिक-उणे दुरुस्ती मिळवायची. ही दुरुस्ती उणे १,००० पासून अधिक १,००० पर्यंत असते. तिचा प्रत्येक एकक म्हणजे एकूण जागेचा हजारावा भाग. ज्याचे गुण सर्वाधिक, त्याची निवड.

उदाहरण घेऊ. एका संगणकात ८ जीबी कार्यस्मृती आहे. अदलाबदलीची जागा नाही. ‘क’ प्रक्रिया ३ जीबी व्यापते, दुरुस्ती शून्य. ‘ख’ २ जीबी व्यापते, दुरुस्ती अधिक ३००. ‘ग’ अडीच जीबी व्यापते, दुरुस्ती उणे १,०००. ‘क’चे गुण ३ जीबीएवढे. ‘ख’च्या २ जीबीमध्ये ८ जीबीचे हजारांत तीनशे, म्हणजे २.४ जीबी मिळवायचे, झाले ४.४. ‘ग’ला उणे १,००० दिलेले असल्याने तिचा विचारच होणार नाही. तेव्हा ‘क’ सर्वांत मोठी असूनही संपेल ‘ख’. यंत्र सुरू होताच जन्मणारी पहिली प्रक्रिया आणि गाभ्याचे स्वतःचे सेवक यांनाही या निवडीतून वगळलेले असते.

निवड झाली की तिला क्रमांक ९ चा संकेत पाठवला जातो. हा संकेत अडवता येत नाही, ऐकून न ऐकल्यासारखे करता येत नाही. आवरासावर करायलाही अवधी मिळत नाही. एक अडचण मात्र बरीच वर्षे होती. संपवायची प्रक्रिया कधी कधी अशा कुलपाच्या प्रतीक्षेत अडकलेली असे, की जे कुलूप जागा मागत बसलेल्या दुसऱ्या प्रक्रियेच्याच हाती होते. मग हीही मरेना आणि तिलाही जागा मिळेना. २०१६ मध्ये मिखाल होको यांनी यावर तोड आणली : प्रक्रिया संपायची वाट न पाहता तिची पाने आधीच काढून घेणारा वेगळा सेवक.

भाषेच्या अभ्यासकाने येथे एका गोष्टीची नोंद घ्यावी. या यंत्रणेला इंग्रजीत मिळालेले नाव मारेकऱ्याचे आहे, आणि गाभ्याच्या नोंदवहीत बरीच वर्षे जो संदेश उमटे त्याचा अर्थ ‘प्रक्रिया मारा किंवा अपत्याचा बळी द्या’ असा होता, कारण जनकाऐवजी त्याच्या अपत्य प्रक्रियेला आधी निवडण्याचा नियम त्यात होता. पुढे तो नियम काढला गेला. जनक, अपत्य, अनाथ असे नात्यांचे शब्द या क्षेत्रात सर्रास चालतात. मराठीत ‘मारणे’ ठेवावे की ‘समाप्त करणे’ म्हणावे? शासकीय मराठीला दुसरा शब्द आवडेल. मला पहिल्याकडे झुकावेसे वाटते, कारण ‘समाप्त’ म्हटले की काम पूर्ण झाल्याचा भास होतो. पण ‘संपवणे’ हा घरगुती शब्द दोन्ही अर्थ सांभाळतो. वर मी तोच वापरला आहे.

आणखी एक. या हिशेबात दोष कोणाचा हे कोठेच विचारलेले नाही. शेवटची मागणी करणारी प्रक्रिया वेगळी असते, सर्वाधिक व्यापणारी वेगळी असते, आणि वापरून झालेली पाने परत न करणारी, म्हणजे जिच्यात गळती आहे ती, तिसरीच असू शकते. गाभा न्यायाधीश नाही. त्याला जागा हवी असते.

स्वयं-अध्ययन प्रश्न २ : वरील उदाहरणात ‘ख’ची दुरुस्ती अधिक १०० असती तर कोणती प्रक्रिया संपली असती? हिशेब मांडा. (‘ख’चे गुण २.८ होतात हे ताडून पाहा.)

६.६ व्हरांड्यातील फोन

फोनमध्ये हा सारा खेळ अधिक लवकर आणि अधिक वेळा होतो. कार्यस्मृती कमी असते आणि आपण उपयोजने बंद न करता एकातून दुसऱ्यात जातो. अँड्रॉइडमध्ये गाभ्याच्या अखेरच्या उपायाची वाट न पाहता एक वेगळा पहारेकरी आधीच उपयोजने संपवू लागतो. तो पूर्वी गाभ्याच्या आत होता, आता बाहेर आहे. अलीकडच्या आवृत्त्यांत, प्रक्रियांना कार्यस्मृतीसाठी किती वेळ खोळंबावे लागते याचे गाभ्याने ठेवलेले मोजमाप पाहून तो निर्णय घेतो. त्याचाही आधार तीच दुरुस्तीची पट्टी आहे. पडद्यावर समोर असलेल्या उपयोजनाला ० मिळते. मागे गेलेल्याचा आकडा वाढतो. ज्यांचे मागे काही काम चालू नाही, जी केवळ पुन्हा लवकर उघडता यावीत म्हणून ठेवलेली आहेत, त्यांना ९०० च्या पुढे. आधी मोठ्या आकड्याची संपतात.

आता विद्यार्थिनीचा अर्ज पुन्हा पाहू. ब्राउझरमध्ये अर्ज उघडलेला. त्याची दुरुस्ती ०. कॅमेरा उघडला, आता ० कॅमेऱ्याकडे, ब्राउझर मागे. कॅमेरा हा कार्यस्मृतीचा मोठा ग्राहक आहे. जागा अपुरी पडली, पहारेकऱ्याने मागचे पाहिले आणि ब्राउझर संपवला. विद्यार्थिनी परतल्या तेव्हा ब्राउझर नव्याने जन्मला, त्याने पत्ता लक्षात ठेवून ते संकेतस्थळ पुन्हा मागवले, आणि भरलेला मजकूर, जो केवळ कार्यस्मृतीत होता, तो गेला. त्यांनी काहीही चुकीचे दाबलेले नव्हते. कॅमेरा उघडणे ही अर्जाचीच मागणी होती.

त्या दिवशी फोनची नोंदवही कोणी उघडून पाहिली नाही, म्हणून हे अनुमान आहे. पण दोन्ही वेळा कॅमेऱ्यानंतरच आणि एकाच रीतीने घडले, यावरून ते बळकट ठरते.

फोनच्या गाभ्याला दोष द्यावा, असेही मला वाटत नाही. मागे गेलेले उपयोजन केव्हाही संपवले जाईल, हे अँड्रॉइड उपयोजने घडवणाऱ्यांना उघडपणे सांगतो. मागे जाण्यापूर्वी आवश्यक ते जपून ठेवावे अशी अपेक्षाही त्यात आहे. चार पृष्ठांचा अर्ज करणाऱ्यांनी प्रत्येक पृष्ठानंतर मजकूर जतन होईल अशी सोय केली असती, तर कोरे पृष्ठ समोर आले नसते. अर्ज बहुधा मोठ्या संगणकावर, मोठ्या कार्यस्मृतीत घडवला आणि तपासला गेला असावा.

६.७ कर्ता कोठे गेला?

आता भाषेकडे. पुढील वाक्ये पाहा : ‘ब्राउझर बंद पडला.’ ‘ब्राउझर बंद झाला.’ ‘पहारेकऱ्याने ब्राउझर बंद केला.’ ‘ब्राउझर बंद केला गेला.’

पहिल्या दोन वाक्यांत क्रियापद अकर्मक आहे आणि व्याकरणदृष्ट्या कर्ता आहे ‘ब्राउझर’ स्वतः. ‘पडणे’ हे सहायक क्रिया आपोआप, नकळत घडल्याचे सुचवते : गाडी बंद पडते, काम रखडून पडते. तिसरे वाक्य कर्मणी प्रयोगाचे. त्यात करणारा दिसतो. चौथे नवीन कर्मणीचे. त्यात करणारा आहे हे कळते, पण कोण ते कळत नाही. आपण बोलताना जवळजवळ नेहमी पहिले वाक्य वापरतो. त्यामुळे यंत्रात जे ठरवून, नियमाने आणि हिशेब करून घडले, ते वाऱ्याने दिवा विझावा तसे सांगितले जाते.

‘बंद पडणे’ची सकर्मक जोडी ‘बंद पाडणे’. मरणे–मारणे, तुटणे–तोडणे तशी ही जोडी. पण ‘कारखाना बंद पाडला’ यात हेतूचा, बहुधा दुष्ट हेतूचा, वास आहे. पहारेकऱ्याने ब्राउझर ‘बंद पाडला’ म्हणणे म्हणूनच चुकीचे. ‘बंद केला’ म्हणणे बरोबर. जोडीचा शब्द व्याकरणाने उपलब्ध असतो, अर्थाने नसतो. तांत्रिक लेखनात हे तारतम्य कोशातून मिळत नाही.

आणि ‘तुमच्याकडून’. ‘रामाकडून रावण मारला गेला’ यातील ‘कडून’ साधा कर्ता दाखवते. ‘माझ्याकडून पेला फुटला’ यातील ‘कडून’ वेगळे आहे. फोडायचा नव्हता, पण माझ्या हातून घडले, अशी कबुली त्यात आहे. मराठीची ही फार सूक्ष्म सोय आहे. हेतू काढून घेते आणि जबाबदारी ठेवते. आपल्या तोंडी ती नम्रता असते. दुसऱ्याने आपल्याविषयी वापरली, की तोच सौम्य सुरातला आरोप होतो. ‘तुम्ही दाबलं’ म्हटले असते तर त्या विद्यार्थिनी भांडल्या असत्या. ‘तुमच्याकडून दाबलं गेलं असेल’ यावर त्या गप्प राहिल्या.

जेथे नोंद पाहिलेली नाही तेथे ‘असावे’, ‘दिसते’ ही रूपे वापरावीत, आणि त्याबरोबर अनुमानाचा आधारही सांगावा. आधाराविना ‘असेल’ म्हणणे हे अनुमान नसते. कार्यालयातील त्या वाक्यातही ‘असेल’ होतेच.

६.८ नमुना परिच्छेद आणि उपक्रम

विलंब शुल्क परत मिळण्यासाठीच्या अर्जातील मुख्य परिच्छेद असा लिहिता येईल :

‘मी अंतिम मुदतीच्या दिवशी मोबाइलवरून परीक्षा अर्ज भरत होते. चौथ्या पृष्ठावर गुणपत्रिकेचे छायाचित्र जोडण्यासाठी कॅमेरा उघडला असता, फोनच्या कार्यप्रणालीने कार्यस्मृती अपुरी पडल्यामुळे ब्राउझर बंद केला असावा. कारण परत आल्यावर अर्ज पहिल्या पृष्ठापासून कोरा झाला होता आणि दोन्ही वेळा हे कॅमेरा उघडल्यानंतरच घडले. भरलेली माहिती पृष्ठागणिक जतन करण्याची सोय अर्जात नाही. छायाचित्र जोडणे अनिवार्य असल्याने कॅमेरा उघडणे मला टाळता आले नाही. तरी विलंब शुल्क परत मिळावे, ही विनंती.’

या परिच्छेदातील प्रत्येक क्रियापद अधोरेखित करा आणि त्याचा कर्ता शेजारी लिहा. ‘कोरा झाला होता’ येथे अकर्मक क्रियापद का ठेवले आहे, याचे कारण तीन-चार वाक्यांत द्या. त्यानंतर बँक, रेशन दुकान, पीकविमा किंवा शिष्यवृत्ती यांपैकी एखाद्या ठिकाणी ‘सर्व्हर डाऊन आहे’ हे वाक्य आपण केव्हा ऐकले ते आठवा, आणि त्या जागी वस्तुस्थिती सांगणारे वाक्य लिहून पुढील संपर्कसत्रास घेऊन या.